दोष गाईचाच कशावरून?

उन्हाळ्याच्या अखेरीस दिग्रसच्या बाजारात एक संकरित गाय विकायला उभी होती. अंगाने भरलेली, कास चांगली, वय फार तर सहा वर्षांचे. अशी गाय कोणी का विकतो, म्हणून सहज चौकशी केली. मालक ओळखीचा निघाला. म्हणाला, "डाक्टरसाहेब, चार खेपा उलटली जी हे. आता हिले कुटार कोठून घालू?" शेजारी उभ्या असलेल्या दलालाने लगेच निकाल दिला, "वांझ आहे." त्या एका शब्दाने गाईची किंमत निम्म्यावर आली.

मी मालकाला दोन-तीन प्रश्न विचारले. चारपैकी दोन खेपांना गावातल्या वळूकडून भरवली होती आणि दोन खेपांना कांडी भरली होती. वळू कोणाचा, त्याला खायला काय देतात, मे महिन्यात तो कुठे बांधलेला असतो, यातले काही त्याला माहीत नव्हते. कांडी कोणत्या वळूची, ती किती वेळ बाहेर होती, गाय माजावर केव्हा आली आणि कांडी केव्हा भरली, याचाही पत्ता नव्हता. गाईबद्दल मात्र त्याला सारे काही ठाऊक होते. ती किती खाते, किती दूध देते, तिच्या आईची किती वेते झाली, इथपर्यंत. चार वेळा गर्भ राहिला नाही, त्या चारही वेळांचा हिशेब त्याने एकट्या गाईच्या नावावर मांडला होता.

ही एका माणसाची गोष्ट नाही. आपल्या भागात जनावर गाभण राहिले नाही की मादीला इंजेक्शन, मादीला औषध, मादीला नवस आणि शेवटी मादीलाच बाजार. नराकडे कोणी वळूनही पाहत नाही. तो मस्तवाल आहे, माजावरच्या गाईवर चढतो, मग त्यात दोष असेलच कसा, असा आपला भाबडा हिशेब असतो. माणसांतही वेगळे काही नाही. मूल झाले नाही की सुनेला दवाखान्यात नेतात, मुलाची तपासणी मात्र तीन-चार वर्षांनी, तीही झाली तर. जागतिक आरोग्य संघटनेपासून साऱ्यांचे सांगणे असे की, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते. पण या सदरात आज मला बोलायचे आहे ते गोठ्यातल्या नराबद्दल.

चढणे वेगळे आणि फळवणे वेगळे, ही पहिली गोष्ट लक्षात घ्या. वळूची इच्छा आणि त्याच्या रेतातील शुक्राणूंची ताकद या दोन स्वतंत्र बाबी आहेत. जोमदार दिसणाऱ्या वळूचे रेत पाण्यासारखे पातळ असू शकते, आणि ते नुसत्या डोळ्यांना कळतेच असे नाही. निरोगी वळूचे रेत दुधासारखे किंवा सायीसारखे दिसते. एका वेळी साधारण चार ते आठ मिलिलीटर येते आणि त्याच्या एका मिलिलीटरमध्ये शंभर कोटींच्या आसपास शुक्राणू असतात. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब धरला तर वाऱ्याने गव्हाचे शेत हलावे तशा लाटा दिसतात. लाटा दिसल्या नाहीत तर समजावे की काहीतरी बिघडले आहे.

आता हे बिघडते कशाने? कारणे पुष्कळ आहेत, पण दोन कारणे आपल्या यवतमाळ जिल्ह्याला विशेष लागू आहेत. ती म्हणजे आपले ऊन आणि आपला कापूस.

आधी ऊन घेऊ. निसर्गाने नराचे वृषण पोटाबाहेर लोंबते ठेवले, ते उगीच नाही. शरीराच्या तापमानापेक्षा ते चार-पाच अंशांनी थंड राहिले तरच शुक्राणू नीट तयार होतात. थंडीत अंडकोष वर ओढला जातो, उन्हाळ्यात तो सैल लोंबतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांना टेकतो, पत्र्याच्या कोठ्यात तर त्याहूनही वर. मग हा बंदोबस्त पुरा पडत नाही. आतल्या पेशी भाजून निघतात म्हटले तरी चालेल.

खरी फसगत पुढे आहे. वळूच्या शरीरात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, आणि तयार झाल्यावर नळीतून बाहेरच्या वाटेला लागायला आणखी आठ-दहा दिवस. म्हणजे मे महिन्याच्या उन्हाने जे बिघडले ते जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पडते. तोपर्यंत पाऊस लागलेला, हिरवे गवत आलेले, वळू तुकतुकीत झालेला आणि गाई धडाधड माजावर येऊ लागलेल्या. सगळे छान दिसत असताना गाई उलटतात. शेतकरी म्हणतो, हिरव्या चाऱ्याने उष्णता झाली. उष्णता झाली होती हे खरेच, पण ती दोन महिन्यांपूर्वी, आणि गाईला नव्हे.

तापाचेही असेच आहे. खुरकूत असो, लम्पी असो, वळूला चार दिवस भरपूर ताप आला तरी पुढचे दोन महिने त्याच्या रेतावर भरवसा ठेवता येत नाही. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने राज्यभर धुमाकूळ घातला, त्या वेळी गाठी बऱ्या झाल्या, जनावर वाचले, यातच सर्वांनी समाधान मानले. ते स्वाभाविकही होते. पण हा विषाणू रेतातूनही बाहेर पडतो आणि वृषणांना सूज आणून वळूला काही काळ किंवा कायमचा निकामी करू शकतो. आजारातून उठलेला वळू तपासून मगच गाईवर सोडावा, हे त्या वेळी फार थोड्यांनी केले.

म्हशींचे हाल आणखी जास्त. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून रेड्याला उन्हात डुंबायला पाणी लागते. पूर्वी गावोगाव डबके असायचे. आता उन्हाळ्यात माणसालाच पाणी नाही तर हल्याला कोण देणार! अरुणावती धरणाच्या जवळपासच्या गावांना अजून थोडी सोय आहे, बाकीच्यांनी निदान दुपारी दोन बादल्या पाणी त्याच्या अंगावर ओतावे.

संकरित जनावरांबद्दल येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यात शेतकऱ्यांना दुभत्या गाई-म्हशी वाटण्यात आल्या. हेतू चांगला होता. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात ज्या संकरित गाई बांधल्या गेल्या, त्यांना ना हे ऊन मानवले ना हा चारा, आणि अनेकांनी त्या विकून टाकल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वेळी चर्चा झाली ती दुधाची आणि ढेपेच्या भावाची. संकरित नरांचा प्रश्न कोणी काढलाच नाही. परदेशी रक्त जसे वाढते तसे ऊन सोसण्याची शक्ती घटते. शिवाय होल्स्टिन संकरित वळूंमध्ये रेताचा दर्जा कमी भरणे, रेत गोठविल्यावर न टिकणे आणि त्यापायी वळू नाकारावे लागणे, हा आपल्या देशातील रेतकेंद्रांचा जुना अनुभव आहे. केंद्रावर निदान ते तपासून बाजूला काढतात. गावात मात्र कोणाच्या तरी जर्सी गाईला झालेला गोऱ्हा 'मोठ्या जातीचा आहे' म्हणून तसाच वळू होऊन बसतो. त्याला कोण तपासतो?

आता कापूस. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण तो तुमच्या-आमच्या रोजच्या टोपल्यातला आहे.

आपल्याकडे वळू पोसायचा म्हटले की भिजवलेली सरकी आणि सरकीची ढेप आलीच. बैलाला सरकी, गाईला सरकी, आणि देवाच्या नावाने सोडलेल्या सांडाला तर श्रद्धेने पायलीभर सरकी. सरकी हे चांगले खाद्य आहे, त्यात तेल आहे, प्रथिने आहेत. दुभत्या गाईला ती दिली तर दुधात स्निग्धांश वाढतो. पण सरकीच्या दाण्यात बारीक काळसर ठिपके असतात. त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. किडींपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी कपाशीने ते स्वतःच तयार केलेले आहे. पऱ्हाटीच्या पानात, बोंडात, मुळातही ते असते.

या द्रव्याची कथा मोठी चमत्कारिक आहे. चीनमध्ये काही गावांत घाण्याचे कच्चे सरकीचे तेल खाण्यात होते आणि त्या गावांत मुले होईनाशी झाली. शोध घेता घेता बोट गॉसिपॉलकडे वळले. मग १९७० च्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला की, हीच पुरुषांसाठी संततिनियमनाची गोळी का होऊ नये? हजारो पुरुषांवर चाचण्या झाल्या. गोळी चालली, पण काहींच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक इतके घटले आणि काहींची प्रजननशक्ती गोळी बंद केल्यावरही परत आली नाही. शेवटी तो नाद सोडावा लागला. (आपण बाजारातून आणतो त्या शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलातून हे द्रव्य काढलेले असते, तेव्हा घरच्या फोडणीची चिंता नको.)

माणसाला जे लागू, ते वळूला लागू आहे काय? पूर्वी समज असा होता की रवंथ करणाऱ्या जनावराला गॉसिपॉल बाधत नाही, कारण त्याच्या पहिल्या पोटात, म्हणजे कोठीपोटात, ते प्रथिनांशी बांधले जाऊन निरुपद्रवी होते. हे अर्धे खरे आहे. मोठ्या गाईच्या बाबतीत बेताच्या प्रमाणापर्यंत खरेच आहे. पण १९९४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातून ब्रह्मन जातीच्या तरुण वळूंवरचे काम प्रसिद्ध झाले. ब्रह्मन म्हणजे मूळची आपल्याच भारतीय वशिंडाच्या गुरांपासून तिकडे तयार केलेली जात. गॉसिपॉल असलेली सरकीची पेंड खाणाऱ्या वळूंच्या रेतात व्यंग असलेले शुक्राणू जास्त निघाले. व्यंगही नेमके कुठे, तर शुक्राणूच्या मधल्या भागात, जिथे त्याला पोहण्यासाठी लागणारी शक्ती तयार होते. इंजिन बिघडलेली मोटार जशी. डोके शाबूत, शेपटी शाबूत, पण हालचाल नाही. पुढच्या संशोधनात असेही दिसले की सोबत ई जीवनसत्त्व पुरेसे दिले तर हे नुकसान बरेच टळते, आणि असे खाद्य थांबवले तर काही महिन्यांनी रेत सुधारते.

यातून सरकी विष आहे असा अर्थ कोणी काढू नये. मी तसे म्हणत नाही, आणि दुभत्या गाईची ढेप बंद करा असे तर मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच की, जो नर प्रजननासाठी ठेवला आहे त्याचा आणि वाढत्या गोऱ्ह्याचा खुराक वेगळा असावा. लहान वासराचे कोठीपोट तयार झालेले नसते, त्याला तर सरकी देऊच नये. आख्ख्या सरकीत हे द्रव्य मोकळ्या रूपात सर्वांत जास्त असते. ढेपेचे म्हणाल तर ती कशी काढली यावर अवलंबून आहे. दाबाने आणि उष्णतेने तेल काढलेल्या ढेपेत ते बरेचसे बांधले गेलेले असते, रसायनाने तेल काढलेल्या पेंडीत मोकळे जास्त राहू शकते. पोत्यावर हे लिहिलेले नसते. म्हणून वळूच्या टोपल्यात तूर चुनी, सोयाबीनची ढेप, थोडी ज्वारी भरडून, हिरवी वैरण आणि मूठभर क्षारमिश्रण एवढे टाकावे. दाल मिलची चुनी आणि सोयाबीन आपल्याच जिल्ह्यातले आहे, ते काही पुण्याहून आणायचे नाही. हिरव्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व असते, वाळल्या कडब्यात ते फारसे उरत नाही. आणि मार्च ते जून आपल्या वळूच्या पुढ्यात कडबा नाहीतर कुटार, याशिवाय दुसरे काय असते?

एक पाहा. उन्हाळ्यात हिरवा चारा नाही, म्हणून सरकी वाढवतो. ऊन तर आहेच. म्हणजे ज्या दोन महिन्यांत शुक्राणूंना जास्तीत जास्त संरक्षण हवे, त्याच दोन महिन्यांत आपण त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी मारा करतो, आणि तोही वळूचे लाड म्हणून.

वेचणी संपली की शेळ्या-मेंढ्या आणि गुरे पऱ्हाटीत सोडण्याची आपली पद्धत आहे. उरलेली हिरवी बोंडे त्यांना फार आवडतात. त्यातही गॉसिपॉल आहेच, शिवाय शेवटच्या फवारणीचा अंश असतो तो वेगळा. फवारणी काय करू शकते हे यवतमाळला कोणी सांगायला नको. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यात गेली. काही कीटकनाशके मारत नाहीत, पण वृषणांवर आघात करतात. १९७७ साली कॅलिफोर्नियात सूत्रकृमींवरचे एक औषध बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांना मुले होत नाहीत असे त्यांचे त्यांनाच लक्षात आले, तपासणी झाली आणि ते औषध पुढे बंद करावे लागले. फवारलेल्या शेतात बोकड सोडताना हे आठवावे.

बोकडाचा विषय निघालाच आहे तर त्याचे दुखणे वेगळे आहे, तेही सांगतो. कळपात चांगला वाढलेला, धिप्पाड बोकड सर्वांत आधी विकला जातो. ईदला, जत्रेला, नाहीतर खाटकाला. मागे राहतो तो खुरटा, ज्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. तोच मग कळपाचा बाप होतो. पुढच्या वर्षी तो स्वतःच्या मुलींवर, त्यापुढे नातींवर. पाच-सहा वर्षांत कळपाची उंची घटते, जुळी कमी होतात, करडे मरतात, आणि बोकडाचे रेतही खालावते, कारण नात्यातल्या संकराचा पहिला फटका प्रजननशक्तीलाच बसतो. धनगर बांधव आणि जुने शेळीपालक हे जाणतात, पण अलीकडे चार-दोन शेळ्या घेऊन बसलेल्या घरांत बोकड 'ज्याचा असेल त्याचा' असतो. शंभर शेळ्यांच्या गावात एकच बोकड! पंचवीस-तीस शेळ्यांना एक, आणि दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या बोकडाशी अदलाबदल, एवढे केले तरी पुष्कळ. यात पैसा जात नाही. जाते ती थोडी लाज, कारण दुसऱ्याच्या बोकडाला चांगला म्हणावे लागते.

वळूचेही तेच. एकाच वळूने गावात सात-आठ वर्षे काढली, म्हणजे तो आता आपल्या लेकींवर आहे. देवाला सोडलेला सांड तर कोणाच्या मालकीचाच नसतो, त्यामुळे त्याला बदला म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. श्रद्धेच्या आड मला यायचे नाही. पण सांड देवाचा असला तरी गाय तुमची आहे.

आता कांडीकडे येतो, कारण पुष्कळांना वाटते की कांडी भरली म्हणजे नराचा प्रश्न मिटला. गोठवलेले रेत हा मोठाच शोध आहे. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लिसरीन घातले तर शुक्राणू गोठूनही जिवंत राहतात असे आढळले, आणि तेथून ही सारी विद्या सुरू झाली. महाराष्ट्रात ती खेड्यापर्यंत नेण्यात मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला उभ्या केलेल्या बाएफ संस्थेचा वाटा मोठा आहे. २००२ साली अकोल्याला राज्याचे पशुधन विकास मंडळ स्थापन झाले. मान्यताप्राप्त रेतकेंद्रावर वळूची क्षय, सांसर्गिक गर्भपात वगैरे रोगांसाठी तपासणी होते, आणि गोठवून वितळवल्यावर निम्मे तरी शुक्राणू हलते असल्याशिवाय ती कांडी बाहेर पाठवायची नाही असा दंडक आहे. एका कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात. म्हणजे केंद्राच्या दारातून बाहेर पडताना माल बहुतांशी चोख असतो.

बिघडतो तो वाटेत. कांडी उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रात असते. हे द्रव सतत उडत राहते, आपल्या उन्हाळ्यात कंटेनर उघडझाक झाला तर अधिकच. पातळी एकदा खाली गेली, मग भले दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, वरच्या कांड्यांतील शुक्राणू मेलेले असतात. बाहेरून कांडी तशीच दिसते. मेलेल्या शुक्राणूंना वास नाही, रंग नाही. दुसरी चूक वितळवण्यात होते. कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात तीस सेकंद ठेवायची आहे. ती हातात चोळून, खिशात टाकून किंवा तोंडाची वाफ देऊन वितळवणारे मी पाहिले आहेत. एकदा तर एका गावात कांडी लावलेली गन मोटारसायकलच्या हँडलला बांधून भर दुपारी तीन किलोमीटर आणलेली पाहिली. ती गाय उलटली, आणि नोंद झाली 'गाय वारंवार उलटते'. अशा नोंदी पाहिल्या की मला त्या मुक्या जनावराची दया येते.

कांडी भरणाऱ्या कार्यकर्त्यांवर सरसकट आरोप करण्याचा माझा हेतू नाही. पुष्कळ जण प्रामाणिकपणे, रात्री-अपरात्री जातात, द्रवनत्र वेळेवर मिळाले नाही तर दोष त्यांचा नसतो. पण शेतकऱ्याला विचारण्याचा हक्क आहे. कांडीवर वळूचा क्रमांक, जात, केंद्र आणि तारीख छापलेली असते. ती पाहायला मागा. रिकामी कांडी फेकू नका, घरी तारीख लिहून ठेवा. गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला असेल तर नोंद त्यावर करून घ्या. तांब्याभर कोमट पाणी तुम्हीच तयार ठेवा. पाणी दिसले की ते वापरले जाते, हा माझा अनुभव आहे.

लिंगवर्गीकृत कांड्यांबद्दल हल्ली फार विचारणा होते, कालवडच व्हावी म्हणून. त्या कांडीत शुक्राणू फार कमी, नेहमीच्या कांडीच्या मानाने पाचवा-दहावा हिस्सा असतात, म्हणून गर्भ राहण्याचे प्रमाणही काहीसे कमीच. निरोगी कालवडीला ती द्यावी. आधीच तीनदा उलटलेल्या गाईवर असा महागडा प्रयोग करणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

वेळेचा हिशेब पुष्कळांना पाठ आहे, तरी चूक तेथेच होते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. काचेसारखा स्वच्छ, लांब तुटक न होणारा सोट हवा. तो पिवळट किंवा पांढुरका असेल तर गर्भाशयात घाण आहे. त्या वेळी कांडी भरू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. म्हैस बहुधा रात्री माजते आणि ओरडतही नाही, तेव्हा पहाटे कोठ्यात एक चक्कर टाकावीच लागते. प्रत्येक हुकलेल्या खेपेला एकवीस दिवस जातात. तीन खेपा म्हणजे दोन महिने, आणि तेवढे दिवस भाकड जनावराला चारा. आजच्या कुटाराच्या भावात हा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

या सदराचे वाचक जनावरे पाळणारेच असतात असे नाही, म्हणून सर्वांसाठी एक इशारा. वळू अनेक गावच्या गाईंवर जातो, तेव्हा रोगही नेतो. सांसर्गिक गर्भपात, ज्याला ब्रुसेला म्हणतात, त्यात गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, वळूचे वृषण सुजतात. तोच जंतू माणसाला होतो. वार हाताने ओढणाऱ्याला, गाभडलेले वासरू उचलणाऱ्याला आणि कच्चे दूध पिणाऱ्याला. चढउतार होणारा ताप, रात्री घाम, सांधे धरणे, आणि पुरुषांत अंडकोषाला सूज. कित्येकदा हा ताप विषमज्वर म्हणून महिनोनमहिने औषध खातो. घरी गाय गाभडलेली असेल आणि कोणाला असा ताप येत असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा, ते विचारतीलच असे नाही. दूध उकळूनच प्या. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदा लस टोचली की पुढे त्यांना संरक्षण मिळते. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही लस आहे. नर वासरांना मात्र ती द्यायची नसते.

एवढे सांगितल्यावर माझे मत स्पष्टच मांडतो. गावातील प्रत्येक वळूची आणि मोठ्या कळपातील बोकडाची वर्षातून दोनदा तपासणी झाली पाहिजे. एकदा फेब्रुवारीत, उन्हाआधी, आणि एकदा ऑगस्टमध्ये, उन्हाचा परिणाम दिसण्याच्या वेळी. यासाठी नवीन इमारत लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. सूक्ष्मदर्शक, कोमट काच, आणि ते काम जाणणारा पशुवैद्य एवढेच लागते. आपल्याकडे लसीकरणाची शिबिरे होतात, वंध्यत्व निवारणाचीही होतात. पण त्या शिबिरांत येतात फक्त गाई. पत्रकावर लिहिलेलेच असते, 'वंध्य गाई-म्हशी घेऊन याव्यात'. त्या ओळीत वळू आणि रेडा हे दोन शब्द घालायला खर्च येत नाही. ग्रामपंचायतींनीही आपल्या गावच्या वळूची एक वही ठेवावी. कधी आणला, कोणाचा, कोणत्या गाईवर गेला, किती राहिल्या, किती उलटल्या. दहा गाईंपैकी सात उलटल्या तर दोष सात गाईंचा आहे की एका वळूचा, हे समजायला पशुवैद्य लागणार नाही.

यावर एक आक्षेप येतो, तो खराही आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यांतच माणसे पुरेशी नाहीत, एकाच डॉक्टरकडे अनेक गावे, तो वळू तपासत बसेल की बाळंत होणारी गाय सोडवील? मान्य आहे. पण आज तोच डॉक्टर निरोगी गाईच्या गर्भाशयात पुन्हा पुन्हा औषध सोडण्यात किती तास घालवतो, हेही पाहिले पाहिजे. एका वळूची तपासणी अर्ध्या तासाची आहे, आणि त्यावर वर्षाला चाळीस-पन्नास गाई अवलंबून असतात.

बाजारातल्या त्या गाईचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. ती पुसद तालुक्यातल्या एकाने निम्म्या किमतीत नेली. पावसाळ्यानंतर तो दुसऱ्या कामासाठी दवाखान्यात आला तेव्हा मी विचारले. पहिल्याच कांडीला राहिली होती. एका गाईवरून सिद्धान्त मांडता येत नाही. हवा बदलली, ऊन उतरले, चारा बदलला, त्याने वेळ अचूक साधली असेल, काहीही असू शकते. मूळ मालकाला मी हे सांगितले नाही. मात्र त्याच्या गावचा वळू दिवाळीनंतर तपासायला आणा, असा निरोप सरपंचांकडे दिला आहे. ज्यांना आपला वळू आणायचा असेल त्यांनी सकाळी, ऊन वाढण्यापूर्वी आणावा. वेसण आणि दोर पक्का असावा, सोबत निदान दोन माणसे असावीत, आणि आदल्या आठवड्यात त्याला गाईवर सोडले असल्यास ते किती वेळा, हे सांगावे.